ठाण्यात नवीन आलेल्या सुतारभावांनो, मशीन घेण्याआधी

२००६ साली कोकणकन्येने पहाटे ठाण्याला उतरलो, तेव्हा पिशवीत आजोबांचा रंधा, दोन पटाश्या आणि गुण्या एवढंच होतं. सावंतवाडीच्या पोराला लाकूड कोण शिकवणार, असा तोरा होता. इथे लाकूड नावालाच. आठ बाय चारचा प्लाय, त्यावर सनमायका, आणि कडेला एक कपची उडाली तरी मॅडम पैसे कापणार. आता गणपती झाले की गावची दोन-चार पोरं वागळे इस्टेटला माझ्या गाळ्यावर येतात आणि मी पडलो त्याच खड्ड्यांत पडतात.

खोलीचं तुम्ही बघालच. दिवा स्टेशनकडे स्वस्त मिळते, पण सकाळच्या लोकलमध्ये कटर मशीन घेऊन चढता येईल का, याचा विचार करा. घोडबंदरला काम असेल तर घड्याळावर विश्वास ठेवू नका. सोसायटीत दुपारी आणि रविवारी मशीन लावायची नाही, वॉचमनशी गोड राहायचं. झालं.

आता मशीनचं. सुरुवातीला साधं ड्रिल आणि सनमायकाच्या कडा तासणारा ट्रिमर पुरे. मोठी कामं मिळू लागली की प्रत्येकाला महागडं काहीतरी हवंसं वाटतं: ट्रॅकवर चालणारी करवत, धूळ ओढणारा व्हॅक्यूम, नाहीतर फेस्टूल कंपनीचं डॉमिनो, म्हणजे जोडाच्या खाचा पाडणारी मशीन. वाटण्यात चूक नाही. सनमायका लावलेला प्लाय ट्रॅकवर कापला की कड सुरीने कापल्यासारखी येते, आणि धूळ छातीत कमी जाते. चूक होते ती मशीन कुठून घ्यायची यात.

माझीच सांगतो. मामेभाऊ अमेरिकेत. तिथे सेल लागला होता, त्याने चांगल्या मनाने ट्रॅकवाली करवत आणली. इथल्या किमतीपेक्षा खूप कमी. मी पेढे वाटले. मशीन १२० व्होल्टची, आपल्या भिंतीत २३०. अशा मशीनच्या मोटरला ५० हर्ट्झ की ६०, याचं फार देणंघेणं नसतं, व्होल्टेजचं मात्र असतं. म्हणून दोन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घेतला. तो धोंडा आणि मशीन घेऊन पाचपाखाडीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तरी आठ महिने चाललं. मग एके दिवशी मी चहाला खाली गेलो आणि नव्या पोराने प्लगला अडॅप्टर लावून सरळ बोर्डात घातला. व्होल्टेज दुप्पट म्हणजे मोटरवर भार जवळपास चौपट. वर आलो तर खोलीभर जळक्या वार्निशचा वास आणि पोरगा रडवेला. पोराला काय बोलणार? ट्रान्सफॉर्मर का लावायचा, हे मीच सांगितलं नव्हतं.

सर्व्हिस सेंटरवाल्याने नंबर बघून मशीन परत सरकवली. हे मॉडेल भारतात विकलेलंच नाही, वॉरंटी नाही, आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, मागवता येणार नाही. दोन महिन्यांची कमाई आज माझ्या फळीवर पेपरवेट म्हणून बसलीय.

त्यानंतर मी नौपाड्यातल्या एका दुकानदाराकडे जायला लागलो. काका कच्छी, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा जुना ट्रिमर ठिणग्या उडवत होता. त्यांनी पेचकसने बाजूची टोपी काढली, कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारा झिजता तुकडा, तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "हा बघ, खुणेच्या खाली गेलाय. अजून आठवडा चालवला असतास तर आर्मेचर गेलं असतं." नवी जोडी घातली, ट्रिमर गुपचूप चालू लागला. कार्बनचेच पैसे घेतले. ऑनलाइन घेतलेली मशीन तुमचा कार्बन काढून दाखवत नाही.

माझा राग आहे तो आपल्याच लोकांवर. दुकानात तासभर बसायचं, काकांकडून तीन मशीन चालवून घ्यायच्या, त्यांच्याच चहाचा कप हातात धरून मोबाईलवर पंधराशे रुपये कमी शोधायचे आणि "बघतो काका" म्हणून निघायचं. मग मशीन बिघडली की त्याच काकांच्या काउंटरवर आणायची. राजस्थानी मिस्त्रींकडे बघा. चार जण मिळून घेतात, उधारी तारखेला देतात, म्हणून अडचणीला त्यांना दुकानातली चालती मशीन दोन दिवस वापरायला मिळते. आपण भाव पाडण्यात हुशार, नातं ठेवण्यात कच्चे.

दुकानदारही सगळे देव नसतात. एकाने मला कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेला खोका नवा म्हणून दिला होता. खोका समोर उघडा, मशीनवरचा सिरियल नंबर बिलात लिहून घ्या, वॉरंटीची नोंद तिथेच मोबाईलवर करा. "बिल नको, अठरा टक्के वाचतील" असं कुणी म्हटलं तर उठा. बिल नाही तर वॉरंटी नाही, आणि पुढे तुमची जीएसटी नोंदणी झाली की त्यानंतर घेतलेल्या कामाच्या मशीनवरचा हा कर वळता करून घेता येतो. त्यासाठी बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा.

ठाण्यात एखादा सुटा भाग नाहीच मिळाला तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट. मशीदला उतरायचं, फास्ट तिथे थांबत नाही. वाशी-पनवेलवाल्यांना हार्बर सोयीची. जुना भाग सोबत न्या, नावावरून मागाल तर दुसराच हातात पडेल.

आणि काकांकडे जाल तेव्हा सनमायका लावलेला प्लायचा एक तुकडा पिशवीत न्या. त्यांच्याकडचा डेमोचा तुकडा मऊ पाइनचा असतो, त्यावर कुठलीही करवत गुळगुळीत कापते. शनिवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका, तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते. मंगळवारी सकाळी अकराला या, मीही बहुधा तिथेच असतो.