जुना कागदी पॅटर्न बेतण्यापूर्वी

1940 ते 1960च्या दशकांतील अमेरिकी कागदी पॅटर्न, म्हणजे कपडा बेतण्यासाठीचे कागदी आकार, हाती आल्यास पाकिटावरील साइझचा आकडा बाजूला ठेवून छातीचे छापील माप पाहावे, कारण 1960च्या दशकाच्या अखेरीस तेथील पॅटर्न कंपन्यांनी मापश्रेणी बदलली आणि पूर्वी 32 इंच छातीसाठी असलेला साइझ 12 त्यानंतर 34 इंचांचा झाला.

मूळ कागद अत्यंत पातळ आणि ठिसूळ असतो. त्यावर थेट कात्री चालवू नये. बटर पेपरवर तो उतरवून घ्यावा आणि पहिला नमुना मांजरपाटावर शिवून पाहावा. काही जुन्या पॅटर्नवर छापील रेषा नसतात, केवळ छिद्रे असतात. कापडाचा उभा धागा आणि टक्सची (कपडा अंगाबरोबर बसावा म्हणून घातलेल्या चुण्यांची) जागा तीच दाखवतात, म्हणून ती छिद्रेही न चुकता उतरवावीत.

किती कापड लागेल हे सांगणारा पाकिटावरील तक्ता मात्र सावकाश वाचण्याजोगा आहे. अमेरिकेत 1942च्या एल-85 आदेशाने कापडाच्या वापरावर मर्यादा आणल्या, त्यामुळे युद्धकाळातील स्कर्ट अरुंद व आखूड दिसतात; फेब्रुवारी 1947मध्ये फॅशन डिझायनर ख्रिस्तियान दिओर यांनी पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि मोठ्या घेराचे कपडे सादर केल्यानंतर घेर वाढला आणि त्याबरोबर लागणारे कापडही. हा तक्ता बहुधा 35 किंवा 39 इंच पन्ह्याचा असतो. आपले कापड 44 इंची असेल, तर सर्व भाग जमिनीवर त्या पन्ह्यात मांडून पाहावेत आणि मगच कापड विकत घ्यावे.