रस्त्याकडेची जुनी भिंत पाडून नवी बांधताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलं की बऱ्याचदा रस्त्यालगतची एक जुनी भिंतही पदरात पडते. सांध्यांतला चुना झडलेला, मधेच पोट सुटलेलं, झाडाच्या मुळांनी एक बाजू कललेली. बिल्डर बघतो आणि म्हणतो, "डागडुजीत पैसे घालवू नका. सगळी पाडू, होती तशीच नवी बांधून देतो." माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे या वाक्याला लगेच होकार देणं.

कारण नियम असा आहे. २०१५ च्या जनरल परमिटेड डेव्हलपमेंट ऑर्डरप्रमाणे, वाहनं जातात अशा रस्त्यालगत (कायद्याचा शब्द 'हायवे') १ मीटरपर्यंत आणि इतरत्र २ मीटरपर्यंतची कुंपणभिंत प्लॅनिंग परमिशनशिवाय, म्हणजे कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) बांधकाम परवानगीशिवाय, बांधता येते. आधीपासून उभी असलेली भिंत याहून उंच असेल तर तिला एक सवलत आहे: देखभाल, सुधारणा किंवा फेरफार करताना ती पूर्वीच्या उंचीइतकी ठेवता येते. म्हणजे १.६ मीटरची जुनी भिंत दुरुस्तीनंतरही १.६ मीटरची राहू शकते. पण ती जमीनदोस्त केल्यावर दुरुस्त करायला उरतं काय? आता हे नवं बांधकाम आहे, मर्यादा १ मीटर, असं कौन्सिल म्हणू शकतं. किती पाडलं की दुरुस्ती संपते, याचा आकडा कायद्यात नाही. प्रत्येक प्रकरण बघून ठरतं. विटा त्याच वापरल्या, रेष तीच ठेवली, म्हणून सवलत आपोआप टिकत नाही.

म्हणून जुन्या भिंतीला हात लावण्याआधी लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेटसाठी, म्हणजे या कामाला परवानगी लागत नाही अशा कौन्सिलच्या दाखल्यासाठी, अर्ज करा. नियोजित कामासाठी त्याचं शुल्क नेहमीच्या अर्जाच्या निम्मं असतं आणि हातात लेखी उत्तर येतं. काम सवलतीत बसत नाही असं दिसलं तर हाउसहोल्डर अर्ज, म्हणजे घरमालकांसाठीचा प्लॅनिंग परमिशनचा अर्ज, करायचा. त्याच्या निर्णयाची नेहमीची मुदत ८ आठवडे असते. आणि भिंत उभी आहे तोवर मोजपट्टी लावून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, दर दोन-तीन मीटरवर उंची लिहून ठेवा. भिंत आधीच कोसळली असेल, एखादी गाडी धडकून गेली असेल, तर गूगल स्ट्रीट व्ह्यूवरची मागच्या वर्षांची चित्रं शोधा. त्यांवर महिना आणि वर्ष असतं, त्यामुळे पुरावा म्हणून ती कामी येतात.

आपल्याकडे हायवे म्हटलं की महामार्ग डोळ्यांसमोर येतो. इथल्या कायद्यात दारासमोरची साधी गल्लीही हायवेच, आणि फुटपाथ व त्याकडेची गवताची पट्टीही बहुधा त्याचाच भाग. "आमच्यापुढे हायवे नाही, मग २ मीटर चालेल" हा गैरसमज इथूनच येतो. दुसरी पळवाट म्हणजे भिंत फूटभर मागे घेऊन २ मीटर चढवणं. 'लगत' म्हणजे चिकटून असा अर्थ घेतला जात नाही. थोडी मागे असूनही रस्त्याची हद्द दाखवणारी भिंत रस्त्यालगतचीच धरली जाऊ शकते. १ मीटरची भिंत बांधून वर लाकडी जाळी ठोकली तर ती जाळीही उंचीत धरली जाऊ शकते.

हद्दीबाबत लँड रजिस्ट्रीच्या (जमीन नोंदणी खात्याच्या) नकाशावर विसंबू नका. त्यावरची लाल रेघ सर्वसाधारण हद्द दाखवते, इंचाइंचाची नव्हे. हायवेची हद्द कुठवर आहे हे स्थानिक हायवे अथॉरिटीकडून (रस्ते सांभाळणाऱ्या खात्याकडून) लेखी मागवा. नव्या भिंतीचा पाया जुन्यापेक्षा रुंद असतो आणि तो नकळत फुटपाथखाली सरकतो.

भिंतीमागे माती अडवलेली असेल तर प्रकरण वेगळंच होतं. १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम १६७ नुसार, रस्त्यापासून ४ यार्डांच्या आत येणारी आणि ४ फूट ६ इंचांहून उंच अशी माती अडवणारी भिंत बांधायची असेल तर तिच्या आराखड्याला कौन्सिलची मंजुरी लागते. प्लॅनिंग परमिशन मिळाली तरी ही मंजुरी वेगळी घ्यावी लागते. अशी भिंत कोसळली तर माती थेट फुटपाथवर, चालणाऱ्या माणसांवर येते. इथे इंजिनिअरचे पैसे वाचवू नका.

कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपण्यासाठी जाहीर केलेल्या भागात) रस्त्यालगतची १ मीटर किंवा त्याहून उंच भिंत पाडायलाच प्लॅनिंग परमिशन लागते. विनापरवानगी पाडणं हा फौजदारी गुन्हा आहे. घर लिस्टेड (वारसा वास्तू म्हणून नोंदलेलं) असेल तर वर सांगितलेली सवलत मुळीच मिळत नाही, आणि त्याच्या आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीपासूनची भिंतही बहुधा संरक्षणाखाली येते. आर्टिकल ४ डायरेक्शन (ठरावीक भागात अशा सवलती काढून घेणारा आदेश) किंवा घराच्या मूळ परवानगीतल्या अटीही पाहा. वसाहत नवी असेल तर नक्कीच.

अर्ज फेटाळला जाण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे दृष्टिरेषा. गाडी बाहेर काढताना येणारी वाहनं आणि फुटपाथवरची मुलं दिसली पाहिजेत. ड्राइव्हवेजवळ किंवा वळणावर उंचीसाठी हट्ट धरू नका. तिथला तुकडा कमी उंच दाखवून अर्ज केलात तर हायवे खात्याच्या आक्षेपाचं मुख्य कारणच उरत नाही.

आणि सगळं बांधून झाल्यावर कौन्सिलचं पत्र आलं तर? उत्तर न देता बसू नका. भिंत १ मीटरवर उतरवणं हा एक मार्ग, मागाहून अर्ज करणं हा दुसरा. "चार वर्षं काढली की सुटलो" हा जुना सल्ला आता लागू नाही: २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये विनापरवानगी बांधकामावर कौन्सिलने कारवाई करण्याची ही मुदत १० वर्षं झाली आहे. त्या तारखेपूर्वी जवळजवळ पूर्ण झालेल्या बांधकामालाच चार वर्षांचा नियम लागतो, त्यामुळे काम कधी संपलं हे दाखवणारी बिलं आणि फोटो जपून ठेवा.