कॅटकॉन पुन्हा पुन्हा का जातो? तिसरा विकत घेण्याआधी करायचा तपास

नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅटकॉन (सायलेन्सरच्या पाइपमधला, विषारी धूर शुद्ध करणारा डबा) बसवला, मोठं बिल भरलं, आणि काही महिन्यांत चेक इंजिनचा दिवा परत लागला. स्कॅनरवर कोड तोच, पी०४२०, म्हणजे कॅटकॉन नीट काम करत नसल्याची तक्रार. गॅरेजमध्ये अशा वेळी दोन सल्ले ठरलेले असतात: ‘पार्टच डुप्लिकेट निघाला’ आणि ‘काढून टाका, सरळ पाइप टाकू’. पहिला कधीकधी खरा असतो. दुसरा ऐकू नका. कॅटकॉनशिवाय विषारी धूर तसाच बाहेर पडतो, आणि पीयूसीची तपासणी प्रामाणिक असेल तर गाडी तिथेच अडकते.

कॅटकॉनमध्ये हलणारा एकही भाग नसतो. सिरॅमिकची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा पातळ थर, बस्स. तो झिजून जाण्यापेक्षा इंजिनातून येणाऱ्या गोष्टींनी मरतो. म्हणून तपास इंजिनापासून करायचा. खालचा क्रम पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे, डिझेलचं प्रकरण वेगळं.

१. कोड लगेच पुसू नका

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडायची खाच) साधा ब्लूटूथ स्कॅनर लावा आणि सगळे कोड लिहून घ्या. सोबतचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान, हेही टिपून ठेवा. पी०४२० च्या जोडीला पी०३०० ते पी०३०४ पैकी काही असेल तर इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे जास्त. हे जोडीदार कोड आधी सोडवायचे. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं गंभीर आहे की कॅटकॉन आत्ता जळतोय. गाडी दामटू नका.

२. दोष खरंच कॅटकॉनचा आहे का?

कॅटकॉनच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर एक. इंजिन पूर्ण गरम करा, दोन-तीन मिनिटं २५०० आरपीएमवर धरा आणि लाइव्ह डेटा बघा. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली नाचतो. मागचा साधारण ०.६ ते ०.७ च्या आसपास शांत राहिला पाहिजे. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला तर कॅटकॉन काम करत नाही. नव्या गाड्यांत पुढे एअर-फ्युएल सेन्सर असतो, त्याचे आकडे वेगळे दिसतात. तिथे फक्त मागच्यावर लक्ष ठेवा.

पण सायलेन्सरच्या जोडातून हवा आत शिरत असली तरी सेन्सर फसतात. सकाळी थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) टकटक ऐका, जोडांभोवती काळी काजळी आहे का बघा. जोडातल्या एका गळक्या गॅस्केटपायी चांगला कॅटकॉन फेकला जातो, हे फार होतं.

पिकअप मेला असेल आणि गाडी वेग पकडत नसेल तर जाळी तुंबल्याचा संशय घ्या. गाडी गार झाल्यावर पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावतात. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर दाब म्हणजे मार्ग अडलाय.

३. जुना कॅटकॉन बघायला मागा

हा तपास फुकट आहे आणि सर्वांत बोलका. जाळी वितळून गोळा झाली असेल तर न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटत होतं. नुसती काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त. राखेसारखा थर बसला असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. जाळी तुटून खडखडत असेल तर स्पीडब्रेकरचा फटका किंवा तापलेल्या कॅटकॉनवर आलेलं पाणी, हे शक्य आहे.

४. मूळ कारण शोधा

बहुतेकदा ते मिसिंगमध्ये सापडतं. प्लग, कॉइल, इंजेक्टर, या क्रमाने बघा. सीएनजी गाडीत प्लगकडे विशेष लक्ष द्या: गॅसला ठिणगी जास्त जोरदार लागते, त्यामुळे पेट्रोलवर ठीक चालणारा झिजलेला प्लग सीएनजीवर मिस करतो. गाडी दोन्ही इंधनांवर चालवून फरक बघा.

एक सवय मात्र मोडा. कुठला सिलिंडर मरतोय हे शोधायला चालू इंजिनाची एकेक कॉइल काढून बघतात. तेवढा वेळ त्या सिलिंडरचं पेट्रोल थेट कॅटकॉनमध्ये ओतलं जातं. सिलिंडरनिहाय मिसफायरचे आकडे बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवरच मिळतात.

मग स्कॅनरवरचा लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा संगणक इंधन कायम किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. उणे किंवा अधिक १० टक्क्यांच्या पलीकडे असेल तर कारण हवं. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे तो थोडा अधिककडे सरकतो, तेवढ्याने घाबरू नका. उणे असेल तर गळका इंजेक्टर किंवा जास्त फ्युएल प्रेशर तपासा.

ऑइलसाठी डिपस्टिकवर खूण करून हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. ऑइलमधलं फॉस्फरस जाळीवरच्या धातूंवर बसतं आणि ते निघत नाही. निळा धूर, तुंबलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली ऑइलची वाफ परत आत नेणारा), टर्बो गाडीत टर्बोचं सील, हे बघा. कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल तर ते इंजिनात जळत असेल, हेड गॅस्केटकडे वळा. सेन्सरच्या आसपास नेहमीचा सिलिकॉन सीलंट फासला असेल तर तोही सेन्सर बिघडवतो. सेन्सर-सेफ लिहिलेलाच वापरा.

५. आता नवा बसवा

वरचं काहीच सापडलं नाही, तर मग भागावर संशय घ्या. स्वस्त कॅटकॉनमध्ये मौल्यवान धातू कमी असतो. गाडीच्या बीएस मानकासाठीचाच घ्या, शक्यतो कंपनीचा. बसवल्यावर कोड पुसा आणि शहर-महामार्ग मिळून गाडी चालवा, स्कॅनरवर कॅटॅलिस्ट मॉनिटर (गाडीने स्वतः केलेली कॅटकॉनची चाचणी) ‘रेडी’ दिसेपर्यंत. त्या दिवशीचा मागच्या सेन्सरचा आलेख स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक सर्व्हिसला त्याच्याशी ताडून बघा, रेघ हलायला लागली तर दिवा पेटायची वाट न बघता चौथ्या पायरीवर परत या.