लेझरडिस्क प्लेअर संगणकाला जोडून कसा चालवावा

सीडी-रॉम घरोघरी पोहोचण्यापूर्वी, विद्यार्थ्याने उत्तर निवडताच त्याला साजेसे चलचित्र पडद्यावर आणणारे शैक्षणिक कार्यक्रम लेझर व्हिडिओडिस्क प्लेअरवर, म्हणजे चित्र व आवाज साठवलेली तबकडी (लेझरडिस्क) लेझरने वाचणाऱ्या यंत्रावर, चालत असत. बीबीसीचा १९८६ मधील डोम्सडे प्रकल्प, म्हणजे ब्रिटनमधील जनजीवनाची नकाशे-छायाचित्रांसह केलेली नोंद, हे संगणकावरून चालणाऱ्या व्हिडिओडिस्कचे ठळक उदाहरण आहे. पायोनियर कंपनीने २००९ मध्ये या प्लेअरचे उत्पादन थांबवले. तरीही चालू स्थितीतील औद्योगिक प्लेअर हाती आला, तर तो आजच्या संगणकावरूनही चालवता येतो.

१. प्लेअर पारखून घ्यावा. परस्परसंवादी वापराच्या तीन पातळ्या मानल्या जात. पहिल्या पातळीवर प्रेक्षक रिमोट वापरतो आणि डिस्कवरील खुणांपाशी चित्र आपोआप थांबते. दुसऱ्या पातळीवर प्लेअरमधील मायक्रोप्रोसेसर छोटा प्रोग्राम चालवतो. तिसऱ्या पातळीवर सूत्रे बाहेरच्या संगणकाकडे असतात, आणि आपल्याला हवी ती हीच पातळी. म्हणून प्लेअरच्या मागे आरएस-२३२ सिरियल पोर्ट (संगणकाकडून आज्ञा घेण्याचा जोड) आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. पायोनियरच्या एलडी-व्ही ४२०० आणि एलडी-व्ही ८००० या मॉडेलना तो आहे. बहुतेक घरगुती मॉडेलना नसतो. अमेरिकेतून आणलेला प्लेअर १२० व्होल्टचा असेल, तर आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या विजेवर तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये, आणि टीव्ही एनटीएससी (अमेरिकेतील टीव्ही-पद्धतीचे) चित्र दाखवतो की नाही, याचीही खात्री करावी.

२. डिस्क सीएव्ही प्रकारची निवडावी. संगणकाला या यंत्राचा एवढा उपयोग का होतो, हे या पायरीवर कळते. सीएव्ही डिस्क एकाच वेगाने फिरते. एनटीएससी डिस्कचा वेग मिनिटाला १८०० फेरे असतो, म्हणजे सेकंदाला ३०, आणि प्रत्येक फेऱ्यात चित्राची बरोबर एक फ्रेम असते. त्यामुळे लेझर प्रत्येक फेऱ्यानंतर एक ट्रॅक मागे सरकला, की तीच फ्रेम पुन्हा वाचली जाते आणि चित्र पडद्यावर स्थिर उभे राहते. डिस्कला कशाचाही स्पर्श होत नसल्याने ते कितीही वेळ धरून ठेवले तरी झीज होत नाही. एका बाजूवर ३० मिनिटे, म्हणजे ५४,००० फ्रेम मावतात आणि प्रत्येक फ्रेमचा क्रमांक चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींत नोंदलेला असतो. हा क्रमांक म्हणजे त्या चित्राचा पत्ता. सीएलव्ही, म्हणजे फिरण्याचा वेग बदलत जाणाऱ्या, डिस्कवर एका बाजूला ६० मिनिटे मावतात खरी, परंतु साध्या प्लेअरवर तिची फ्रेम स्थिर धरता येत नाही, म्हणून या कामासाठी ती टाळावी.

३. केबल जोडावी. पायोनियरच्या या प्लेअरना १५ पिनांचा जोड असतो, त्यामुळे बाजारातली ९ पिनांची तयार केबल बसत नाही. यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर घ्यावा आणि मॅन्युअलमधील पिनांचा तक्ता समोर ठेवून केबल बनवून घ्यावी. संगणकावर ८ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि १ स्टॉप बिट अशी मांडणी ठेवावी. बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) मात्र प्लेअरवर निवडलेलाच, बहुधा ४८०० किंवा ९६००, ठेवावा. केबल जोडताना दोन्ही यंत्रे बंद असावीत.

४. आज्ञा आधी हाताने देऊन पाहाव्यात. कोणत्याही टर्मिनल प्रोग्राममध्ये (सिरियल पोर्टवर मजकूर पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये) रोमन मोठ्या लिपीत, मधली रेघ न घालता, ‘एस-ए’ (SA) टाइप करून एंटर दाबले, की डिस्क फिरू लागते. ‘एफ-आर’ने पत्ता फ्रेममध्ये मोजला जाईल, असे ठरते. त्यानंतर १८०००च्या पुढे ‘एस-ई’ लिहिले, की प्लेअर त्या फ्रेमवर जाऊन थांबतो. ‘पी-एल’ने चित्र चालू होते, ‘एस-टी’ने स्थिर होते, तर प्रश्नचिन्हापुढे ‘एफ’ लिहिल्यास चालू फ्रेमचा क्रमांक परत मिळतो. सोनीच्या प्लेअरची आज्ञावली वेगळी आहे, हे ध्यानात ठेवावे.

५. मगच प्रोग्राम लिहावा. समजा, बरोबर उत्तरानंतर १८००० ते १८४५० हा १५ सेकंदांचा भाग दाखवायचा आहे. आधी १८०००चा शोध घ्यायला सांगावे. प्लेअरकडून ‘आर’ हे अक्षर येईपर्यंत थांबावे. नंतर १८४५०च्या पुढे ‘पी-एल’ लिहून पाठवावे, म्हणजे त्या फ्रेमवर चित्र आपोआप थांबते. नवशिक्यांचे प्रोग्राम बहुतेक वेळा अडखळतात ते ‘आर’ची वाट न पाहिल्यामुळे. तसेच शोध चालू असताना ज्या प्लेअरमध्ये चित्र साठवणारी मेमरी नसते, त्याचा पडदा क्षणभर काळा होतो. तेवढ्या वेळात संगणकाच्या पडद्यावर पुढचा प्रश्न किंवा मजकूर दाखवावा, म्हणजे विद्यार्थ्याचे लक्ष उडत नाही.

ध्वनीच्या दोन वाहिन्या ‘ए-डी’ आज्ञेने स्वतंत्रपणे चालू-बंद करता येतात. डिस्कवर दोन भाषांतील निवेदन असेल, तर भाषा निवडण्याची सोय यातूनच होते. स्थिर फ्रेमवर मात्र डिस्कवरचा आवाज ऐकू येत नाही. तेथे निवेदन हवे असल्यास ते संगणकातून वाजवावे.

काम संपल्यावर ‘आर-जे’ आज्ञा द्यावी, डिस्क पूर्ण थांबल्यावरच ती कडांना धरून बाहेर काढावी आणि कव्हरमध्ये घालून उभी ठेवावी.