कुत्र्यासोबत जिंजाची फेरी? या चुका टाळा

जिंजा म्हणजे शिंतो देवस्थान. जपानमधल्या फेरीत गाइडचा शिबा जातीचा कुत्राही बरोबर चालणार म्हटल्यावर आपण लगेच खूश होतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आणि खंडोबाचा कुत्रा बघत वाढलेल्यांना यात वावगं वाटायचं कारणच नाही. गडबड तिथेच होते: आपल्या देवळातल्या सवयी आपण न विचारता तिकडे लावतो.

पहिली चूक बुकिंग करतानाच होते. कुत्रा सगळीकडे चालतो असं धरू नका. तोक्योच्या मेइजी जिंगू देवस्थानात पाळीव प्राण्यांना मनाई आहे. इसे जिंगूची तर गंमतच! एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) ज्यांना स्वतः जाता येत नसे, ते आपला कुत्रा यात्रेला पाठवत. गळ्यात पैशांची पिशवी अडकवलेल्या या ‘ओकागे-इनु’ला वाटेवरचे लोक खाऊपिऊ घालून पुढे धाडत. आज मात्र तिथेही कुत्रा आत नेता येत नाही, प्रवेशापाशी रक्षकांच्या चौकीत ठेवावा लागतो.

उलट तोक्योच्या पश्चिमेला ओमे शहराजवळच्या 929 मीटर उंच मिताके डोंगरावरच्या देवस्थानात कुत्र्यांचं स्वागत होतं. धुक्यात वाट चुकलेल्या यामातो ताकेरु या दंतकथेतल्या राजपुत्राला पांढऱ्या लांडग्याने रस्ता दाखवला, अशी तिथली कथा. त्या लांडग्याला ‘ओइनु-सामा’ म्हणजे ‘कुत्रेमहाराज’ म्हणतात, आणि लोक आपली कुत्री आशीर्वादाला आणतात. केबलकारमध्येही कुत्र्यांना जागा असते. तेव्हा फेरी ‘शिंतो’ आहे एवढ्यावर समाधान मानू नका, नेमकं कुठलं देवस्थान ते विचारा.

दुसरी चूक खास आपली. दारातल्या तेमिझुयाचं, म्हणजे हात-तोंड धुण्याच्या कुंडाचं, पाणी तीर्थ समजून लोक पिऊन टाकतात. ते पाणी शुद्धीसाठी असतं. पळी उजव्या हातात घेऊन डावा हात धुवा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरा आणि ती कुंडाच्या बाहेर टाका. पळीला तोंड लावायचं नाही. डावा हात परत धुवा आणि शेवटी पळी उभी धरा, म्हणजे उरलेल्या पाण्याने दांडाही धुतला जातो. करोनानंतर बऱ्याच ठिकाणी पळ्या काढून टाकल्या आहेत, तिथे वाहत्या धारेखाली हात धुतले की झालं. आणि कुत्रा तहानलेला दिसला म्हणून त्याच पळीने त्याला पाणी पाजू नका! त्याची वाटी गाइडकडे असते.

चपला मात्र काढू नका. अंगणात त्या चालतात, फक्त मुख्य वास्तूत शिरताना काढायच्या. तोरीपाशी, म्हणजे देवस्थानाच्या कमानीपाशी, एकदा वाका आणि वाटेच्या कडेने चाला. मधली वाट देवाची मानतात, फोटोसाठी कुत्र्याला तिथे बसवलेलं बरं दिसत नाही.

नमस्काराची रीत सोपी: दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं. इझुमो ताइशा या देवस्थानात टाळ्या चार. पण कुत्र्याच्या कानाजवळ टाळी वाजवलीत तर तो दचकतो, किंवा आपल्यालाच बोलावलं समजून अंगावर उडी घेतो. तो गाइडजवळ जरा लांब उभा असतानाच टाळ्या वाजवा.

आता खाऊ. चिवड्यातला कांदा आणि मनुका कुत्र्याला विषारी असतात, चॉकलेटही. लाडाने भरवायचा मोह झाला तरी पिशवी बंदच ठेवा. कुरवाळण्याआधीही ‘सावात्तेमो ई देस का?’ (हात लावू का?) असं विचारा, आणि हात डोक्यावरून नेण्याऐवजी आधी त्याला हुंगू द्या.

शिबा मध्येच फतकल मारून बसला तर घाबरू नका. जपानी लोक अशा हटवादी कुत्र्याला कौतुकाने ‘क्योही-शिबा’ म्हणतात, म्हणजे नकार देणारा शिबा. पट्टा ओढू नका, मान आणखी ताठ होते. गाइडला हाताळू द्या, तुम्ही दोन पावलं पुढे जाऊन उभे राहा, बहुतेक वेळा तो आपणच उठून येतो. उन्हाळ्यात मात्र हट्ट नसेल, खडी तापलेली असेल. ती हाताने चाचपून बघा, चटका बसला तर सावली शोधा. आणि त्याने दगडी दिव्याशी पाय वर केला, तर गाइडच्या बाटलीतलं पाणी ओतायला पुढे व्हा. फोटो नंतर काढा.