तांत्रिक कामातूनच घडणारे संवादकौशल्य

तांत्रिक ज्ञान आणि माणसांशी वागण्याची हातोटी यांचा समतोल साधायचा म्हणून अनेक जण संवादकौशल्याच्या एखाद्या कार्यशाळेला जाऊन येतात आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखेच वागू लागतात. त्यापेक्षा अहवाल लिहिताना, सहकाऱ्याचे काम तपासताना किंवा वरिष्ठांपुढे अडचण मांडताना, म्हणजे रोजच्या तांत्रिक कामातच ही हातोटी अंगी बाणवावी.

त्यासाठी प्रथम आपले काम नेमके कुठे अडते ते पाहावे. गेल्या काही महिन्यांत रखडलेल्या किंवा नामंजूर झालेल्या कामांची यादी करून प्रत्येकापुढे खरे कारण लिहावे: उत्तरच चुकले होते, की बरोबर उत्तर संबंधितांना पटले नाही? चुकलेली उत्तरे जास्त निघाली, तर निमूटपणे अभ्यासाला बसावे. गोड बोलण्याने कच्चे काम फार काळ झाकले जात नाही.

बरोबर उत्तर न पटण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांच्या बाबतीत दिसते. त्यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नातील प्रसूती विभागात क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याचा नियम घातला आणि सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतर येणाऱ्या तापाने, होणारे मृत्यू झपाट्याने घटले. मात्र आपले निष्कर्ष त्यांनी ग्रंथरूपाने मांडले ते थेट १८६१ मध्ये, आणि पुढे विरोधकांना खुल्या पत्रांतून खुनी ठरवून उरलासुरला संवादही तोडला. रोग जंतूंमुळे होतात हा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता, त्यामुळे सगळा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; पण पुराव्याने माणसे आपोआप बदलत नाहीत, एवढे यातून निश्चित कळते.

लेखनात सर्वाधिक फरक पडतो तो क्रमाने. ‘सर्व्हरची डिस्क ८७ टक्के भरली आहे’ हे विधान अचूक असले, तरी वाचणाऱ्या व्यवस्थापकाने त्यावर काय करावे हे त्यातून कळत नाही. तेच ‘डिस्क दर आठवड्याला सुमारे ४ टक्क्यांनी भरत असल्याने साधारण तीन आठवड्यांत बिले निघणे बंद होईल, नवीन डिस्कसाठी शुक्रवारपर्यंत मंजुरी हवी’ असे लिहिले, तर परिणाम, मुदत आणि मागणी एका वाक्यात येतात. आकडेमोड खाली जोडावी. ज्याला हवी तो वाचेल.

सहकाऱ्याचे काम तपासताना ‘हे चुकीचे आहे’ असा शेरा मारण्याऐवजी ‘इनपुट रिकामे आले तर इथे काय होईल?’ असे विचारावे, म्हणजे त्याला चूक स्वतः सापडते. मात्र धोका गंभीर असेल तेव्हा प्रश्नांचा आडपडदा नको. तो स्पष्ट शब्दांत सांगावा. कनिष्ठांनाही असे सांगता यावे यासाठी सुरुवातीलाच वाट मोकळी करून द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी सूचीत त्वचेवर छेद देण्यापूर्वी पथकातील प्रत्येकाने आपले नाव आणि भूमिका सांगितल्याची खातरजमा करायची असते. नव्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत हीच पद्धत ठेवावी आणि सर्वांत कनिष्ठ व्यक्तीचे मत आधी विचारावे, कारण वरिष्ठ बोलून गेल्यावर इतरांची मते बहुधा त्यांच्याच सुरात निघतात.

बढती मिळाल्यावर तोल उलट्या बाजूला जाऊ लागतो. बैठकांमध्ये दिवस संपतो, हत्यारे बदलतात आणि कालचा जाणकार इतरांच्या सांगण्यावर सह्या करू लागतो. म्हणून आठवड्यातील एक सकाळ प्रत्यक्ष कामासाठी राखून ठेवावी, परंतु ज्याच्यावाचून इतरांचे अडेल असे काम स्वतःकडे घेऊ नये. चाचण्या लिहिणे, जुना बिघाड शोधणे किंवा नवे साधन लहान प्रमाणावर वापरून पाहणे यांसारखी कामे यासाठी सोयीची असतात.