तांबडा-पांढरा न सोडता हृदय कसं जपावं

आमच्या अण्णांनी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली, कारण काय, तर 'आता बरं वाटतंय'. चार महिन्यांनी एका पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, छाती आवळल्यासारखी झाली. आम्ही गॅस समजून ओवा दिला, सोडा पाजला. तासभर त्यातच गेला. अण्णा वाचले. त्यानंतर घरात जे बदललं, ते क्रमानं सांगते.

१. आधी रक्तदाब मोजा

वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही, म्हणून 'मला काही होत नाही' याला अर्थ नाही. घरी मोजायचा तर दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या. चहा, तंबाखू किंवा चालून आल्यावर अर्धा तास थांबा. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा छातीच्या पातळीवर हवा. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून वहीत लिहा. घरी पुन्हा पुन्हा १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासून घ्या. ईसीजी नॉर्मल आला म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. रक्तवाहिनीत अडथळा असतानाही बसल्या जागचा ईसीजी नॉर्मल येऊ शकतो.

२. चटणीतलं मीठ मोजा

दिवसाला माणशी ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्याहून जास्त नको. आपली गोची इथंच होते. वर्षाची कांदा-लसूण चटणी करताना तिच्यात मीठ पडलेलंच असतं; तरी भाजीत चटणी घालून वर पुन्हा मीठ टाकतो. शिवाय खर्डा, लोणचं, पापड, सुका बांगडा. आम्ही या उन्हाळ्यात चटणी बिनमिठाचीच केली आणि थोडी थोडी बरण्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवली. भाकरीच्या पिठातलं मीठही बंद केलं. पंधरा दिवस अळणी लागलं, मग जिभेला सवय झाली. कमी सोडियमचं मीठ आणायच्या आधी डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते त्रासाचं ठरतं.

३. रस्सा ठेवा, कट काढा

मटण सोडा, असं मी कोल्हापुरात कुणाला सांगणार नाही. पण आदल्या रात्री मटण शिजवून अळणी पाणी फ्रीजमध्ये ठेवलं, की सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला असतो. तो डावानं सरळ उचलून टाका. खालच्या पाण्याचा तांबडा तितकाच झणझणीत होतो. पांढऱ्यात नारळाचं दूध असतं, त्यात संपृक्त चरबी भरपूर. म्हणून तो एक वाटी, आणि तोही रोज नाही. मिसळ खायची तर कट, म्हणजे वरचा तेलकट रस्सा, बाजूला ठेवायला सांगा. घरात तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर पुरवायचा प्रयत्न करा. रोजच्या ताटात ज्वारीची भाकरी, मटकी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे: हे आपलंच जेवण आहे आणि हृदयाला चांगलं आहे.

गंगावेशीत धार काढलेलं म्हशीचं दूध पिऊन वाढलेल्या पैलवानांविषयी मला जास्त काळजी वाटते. तालीम सुटते, मेहनत सुटते, खुराक मात्र तोच राहतो. तालीम सोडली, त्याच महिन्यात दूध-तूपही कमी करायला हवं.

४. चाला, पण एकदम नको

आठवड्यातले पाच दिवस, रोज ३० मिनिटं. रंकाळ्यावर चालताना शेजारच्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवा. सुरुवात दहा मिनिटांनी करा. पंचेचाळिशीत अचानक जोर-बैठकांचा शंभरी आकडा गाठायला जाऊ नका. चालताना छातीत दाटून आलं आणि थांबल्यावर बरं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

५. तंबाखू आणि मशेरी

दोन्ही सोडा. ओढली काय, मळली काय, निकोटिन रक्तदाब वाढवतंच. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

६. गोळी स्वतःहून थांबवू नका

आकडा नॉर्मल आला, तो गोळीमुळे आला. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तेच. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवला असेल, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दात काढण्यासाठीही हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत. मध्येच तोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक घेणंही टाळा. महिन्याचा खर्च परवडत नसेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या मोफत मिळतात.

७. ती वेळ आली तर

छातीवर दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, घाम, धाप. बायकांना आणि मधुमेहींना कधी कधी नुसती मळमळ किंवा प्रचंड थकवा जाणवतो. लगेच १०८ ला फोन करा. रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. फोनवरच्या डॉक्टरांना अ‍ॅस्पिरिन चघळायला द्यावी का विचारा. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपला थोरला दवाखाना, किंवा अँजिओप्लास्टीची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच ठरवून ठेवा.

आमच्या दारामागच्या खुंटीला आता एक पिशवी असते. तिच्यात गोळ्यांची यादी, अण्णांचा जुना ईसीजी, कारण नवा त्याच्याशी ताडून बघता येतो, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी आधार व रेशनकार्डाच्या प्रती. पिशवी कुठं आहे, हे शेजारच्या वहिनींनाही दाखवून ठेवलंय.